मावशीचं रफू आणि न कापलेला फोटो

माझ्या मावशीने केलेलं रफू आजवर कुणालाही सापडलेलं नाही. लहानपणी ती कापड माझ्या मांडीवर टाकायची आणि म्हणायची, "शोध." मी ते उजेडात धरायची, उलटंपालटं करायची, नाक लावून बघायची. हरले की ती खिदळायची. "डोळे आहेत की बटणं, भवाने?" मग माझं बोट धरून बरोबर त्या जागेवर टेकवायची. तरी मला काही दिसायचं नाही. तिलाही दिसायचं नाही म्हणा. तिला ते बोटाला कळायचं.

आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं, म्हणून सांगत नाही. पण असं काम करणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. रफूला बाहेरचा दोरा चालत नाही. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडलेलं असतं, ज्याला शिंपी माया म्हणतात, त्यातलेच धागे एकेक करून ओढून काढायचे, सुईत ओवायचे आणि फाटलेल्या जागी पुन्हा विणायचे, एक वरून, एक खालून. कापड त्याच कापडाने भरायचं. बोटभर फाटलं असेल तर अर्धा दिवस जातो. मावशी भिंग लावलेला चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन बसली की खोलीत कुणी खोकलेलंही तिला खपायचं नाही.

ही खोली विद्यापीठाच्या व्यायामशाळेमागे, जिन्याखाली. एक खिडकी, एक इस्त्रीचं टेबल, भिंतीला खुंट्यांची रांग. सव्वीस वर्षं तिने तिथे काढली. संघांचे कपडे धुऊन यायचे ते इस्त्री करणं, बटणं लावणं, आणि सत्कार-समारंभाला घालायचे ते लोकरी ब्लेझर सांभाळणं, हे तिचं काम. खेळाडू येता-जाता डोकवायचे. "मावशी, गुडघ्यावर भोक पडलंय." "पडणारच, रांगतोस की खेळतोस?" सगळ्यांची थट्टा करायची आणि सगळ्यांचं शिवून द्यायची.

मी एका सायंदैनिकात पानं लावते. लावत होते. बातमीदार मजकूर आणतात, छायाचित्रकार फोटो टाकतात, आणि आम्ही ते संगणकावर पानात बसवतो. पावणेबाराला पान छपाईला जातं, दुपारी अडीचला अंक रस्त्यावर. बारानंतर मी मोकळी. डबा घेऊन मावशीच्या खोलीवर जायचं, तिथे दोघींनी जेवायचं, हा आमचा वर्षानुवर्षांचा नेम.

त्या शनिवारी व्हॉलीबॉलच्या संघाचा सत्कार होता. उपांत्य सामना जिंकला होता पोरांनी. सोमवारी सकाळी क्रीडा बातमीदार माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. पडद्यावर संघाचा फोटो होता, सगळे ब्लेझर घालून दात काढून हसताहेत, मधोमध कप्तान. आमच्या पेपराने त्याचं नाव वाघ पाडलं होतं. मी तो शब्द इथून पुढे वापरणार नाही. बातमीदार म्हणाला, "ह्याचा खिसा लोंबतोय बघ. बरं दिसत नाही. वर घे." वर घे म्हणजे फोटो छातीपाशी काप. मी चौकटीची खालची कड माऊसने धरली, दोन बोटं वर सरकवली. खिसा गेला. ह्याला एवढा वेळही लागत नाही, जेवढा मला आता हे सांगायला लागतोय.

त्याच दुपारी मी मावशीकडे गेले तर ती एका ब्लेझरवर वाकलेली. दुसऱ्या दिवशी छायाचित्रं काढायची आहेत, म्हणून क्रीडासंचालकांनी तो स्वतः आणून दिला होता. एरवी हे साहेब जिन्याखाली कधी पाऊल टाकत नाहीत. "खांबाच्या खिळ्याला अडकला म्हणे," मावशी म्हणाली. "कसला खिळा बाई! खिसा पार लोंबत होता, आणि कोपऱ्याखाली तीन बोटं कापड काटकोनात फाटलेलं." संध्याकाळपर्यंत तिने ते पुरं केलं. मंगळवारी माझ्यापुढे धरलं. "शोध." मी नेहमीप्रमाणे हरले. ती इतकी खूश झाली की डब्यातली भाजी सगळी मला वाढली.

आता कुणी म्हणेल, सकाळी खिसा कापलास, दुपारी खिसा पाहिलास, तुझ्या टाळक्यात काही शिरलं कसं नाही? नाही शिरलं. दिवसाला साठ फोटो कापते मी. मला माणसं चौकटीत बसली की पुरे. ही माझी लाज आहे आणि ती मी उघडच सांगते.

बुधवारी बातमी फुटली. सत्काराच्या कार्यक्रमाचं निवेदन करणारी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी. ती पोलिसांत गेली होती. कार्यक्रम चालू असतानाच, ध्वनिक्षेपकाची तार आणायला ती मागच्या सामानाच्या खोलीत गेली, तिथे कप्तानाने तिच्यावर बलात्कार केला आणि नंतर बाहेर येऊन सगळ्यांबरोबर फोटोला उभा राहिला. पोलिसांनी काय करावं? विद्यापीठाचा अहवाल येऊ दे म्हणाले. विद्यापीठाने चौकशी समिती नेमली.

आणि आमच्या पेपराने काय केलं ते मला विचारा, कारण ते सगळं माझ्या हातांनी पानात बसलंय. "उगवत्या ताऱ्याच्या वाटेवर काटे." "एका संध्याकाळमुळे करिअर टांगणीला." कप्तानाची आई रडतानाचा फोटो. त्याच्या शाळेतल्या गुरुजींची मुलाखत. मुलीचं नाव नाही छापलं हो, आम्ही सभ्य लोक! फक्त तिची शाखा छापली, वर्ष छापलं, वसतिगृह छापलं, आणि कार्यक्रमाचं निवेदन तिने केलं होतं हेही छापलं. पत्ता तेवढा द्यायचा राहिला. ती वर्गात गेली की मुलं तिच्या निवेदनाच्या आवाजाची नक्कल करायची, "आता टाळ्यांच्या गजरात स्वागत करूया," असं म्हणायची. हे मला आमच्या बातमीदारानेच हसत हसत सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि तरी मी पान लावलं.

तीन आठवड्यांनी, सोमवारी, समितीचा अहवाल आला. पहिल्या पानावर मोठा मथळा. सोबत फोटो: क्रीडासंचालक ब्लेझर दोन्ही हातांत धरून उभे. खाली लिहिलेलं, तक्रारदार मुलीने आपण झटापटीत कप्तानाच्या ब्लेझरचा खिसा ओढून फाडला असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात ब्लेझर पूर्णपणे शाबूत आहे. सबब तक्रारीत तथ्य दिसत नाही.

मी अंक घेऊन मावशीकडे गेले. तिने तो भिंगाखाली धरला. बोट त्या फोटोतल्या खिशाच्या कोपऱ्याखाली टेकवलं.

"हे माझं आहे," ती म्हणाली.

तेव्हा कुठे माझ्या डोळ्यांपुढे ती चौकट वर सरकली. मी तिला फोटोचं सांगितलं. एकीने शिवलं होतं, एकीने कापलं होतं, आणि त्या पोरीला खोटं पाडायला कुणाला दुसरं काही करावंच लागलं नव्हतं.

"माझ्या सुईने तिला खोटं पाडलंय," मावशी म्हणाली. "मी जाणार."

मंगळवारी ती धुतलेलं, इस्त्री केलेलं लुगडं नेसून समितीपुढे गेली. तिथून आली आणि मला सगळं जसंच्या तसं सांगितलं. तीन जण बसलेले, अध्यक्ष एक प्राध्यापकबाई, बाजूला क्रीडासंचालक. मावशीने सांगितलं, हा ब्लेझर फाटला होता, सरांनी स्वतः आणून दिला, मी रफू केलं.

अध्यक्षबाईंनी ब्लेझर खिडकीपाशी नेला. भिंग मागवलं. तिघांनी आळीपाळीने पाहिलं.

"आम्हाला तर काही दिसत नाही."

"दिसणार नाही, बाई. दिसलं तर ते रफू कसलं?"

"मग ते आहे हे आम्ही कशावरून मानायचं?"

"उजव्या कुशीची शिवण उसवा. आतल्या मायेतले अडतीस धागे मी काढलेत. मोजा."

तेव्हा अध्यक्षबाई काय म्हणाल्या असतील? "हा ब्लेझर विद्यापीठाची मालमत्ता आहे. तो आम्ही उसवू शकत नाही." पोरीचं आयुष्य उसवलेलं चालतं. ब्लेझरची शिवण नाही.

क्रीडासंचालक गोड हसले म्हणे. "मावशींचं वय झालंय. रोज इतके कपडे हातांखालून जातात, गोंधळ होतो. मी काही त्यांना ब्लेझर दिल्याचं मला आठवत नाही."

"सर," मावशी म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी माझ्या दाराच्या चौकटीला डोकं आपटून घेतलंत. मी पाणी दिलं तुम्हाला."

सरांनी कानावर हात ठेवले. समितीने लिहून घेतलं: साक्षीदाराने सांगितलेली दुरुस्ती दिसून येत नाही. जन्मभर ज्या कौतुकासाठी ती डोळे फोडत आली ते शेवटी तिला असं मिळालं, लेखी, सही-शिक्क्यासह.

बुधवारी दोन गोष्टी झाल्या. मावशीला सांगण्यात आलं की आता विश्रांती घ्या, आणि खोलीची किल्ली काढून घेण्यात आली. सव्वीस वर्षांचं सामान एका पिशवीत मावलं. आणि त्या मुलीला नोटीस गेली: खोटी तक्रार करून विद्यापीठाची बदनामी केल्याबद्दल तुम्हाला का काढून टाकू नये? शुक्रवारी चार वाजता हजर राहा.

मी संपादकांच्या केबिनमध्ये गेले. मूळ फोटोचा कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. खिसा लोंबतोय, कापड काटकोनात फाटलंय, कोपऱ्यात तारीख आणि वेळ. साहेबांनी पाहिला. नीट पाहिला. मी त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत होते, त्यांना सगळं कळलं होतं.

"जुना फोटो आहे," ते म्हणाले.

"साहेब, शुक्रवारी तिला काढून टाकतील."

"आपण न्यायाधीश आहोत का?"

"तीन आठवडे काय होतो मग?"

"हे बघ," त्यांनी आवाज खाली आणला, "शुक्रवारी अंतिम सामना आहे. विद्यापीठाची पुरवणी आपण काढतोय. त्या समितीला जे दिसलं नाही ते आपल्याला दिसायचं काय कारण? जा, पानं लाव." मी जागची हलले नाही तेव्हा म्हणाले, "तुझी मावशी ना ती? मग तर तू ह्यात पडूच नकोस."

मी पानं लावली. मूग गिळून बसायची सवय एका दिवसात जात नाही.

गुरुवारी सकाळी साडेअकराला साहेब स्वतः माझ्यामागे आले. पहिल्या पानासाठी उद्याच्या सामन्याची बातमी होती, चार स्तंभ. "फोटो तोच टाक, सत्काराचा. पोरं हसताहेत, छान वाटतो." आणि चहाला गेले.

मी तो फोटो उघडला. त्यांनीच सांगितलेला. चौकटीची खालची कड माऊसने धरली आणि दोन बोटं खाली ओढली. मी शप्पथ सांगते, मी काही जोडलं नाही, रंग चढवला नाही, बाण दाखवला नाही, एक अक्षर लिहिलं नाही. फक्त कापलं नाही. फोटोच्या कोपऱ्यातली वेळसुद्धा आपोआप आली. पावणेबाराला पान गेलं.

अडीचला अंक रस्त्यावर आला आणि तीनला फोन वाजायला लागले. गावभर लोकांनी सोमवारपासून शाबूत खिशाचा फोटो चघळला होता. आता हा. चहाच्या टपरीवर माणसं दोन्ही अंक शेजारी शेजारी धरून उभी. साहेबांनी मला त्यांच्या केबिनमध्ये बोलावून काय काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. साडेतीनला मी माझा डबा उचलला आणि बाहेर पडले.

विद्यापीठाने संध्याकाळीच पत्रक काढलं: छायाचित्रात फेरफार केलेला आहे, पान लावणारी स्त्री काढून टाकलेल्या कर्मचारी महिलेची भाची आहे, ह्यावरून काय ते समजावं. झालं! मावशी-भाचीचं नातं हाच गुन्हा ठरला. मी रडले. मावशी नाही रडली. "उद्या लवकर आवर," एवढंच म्हणाली.

शुक्रवारी दुपारी आम्ही व्यायामशाळेसमोर उभ्या होतो. अंक आला. मी पहिलं पान पाहिलं, मग सवयीने शेवटचं, आणि खाली कोपऱ्यात एक चौकट दिसली. मी ती वाचली. पुन्हा वाचली. मग तिथेच रस्त्यात मोठ्याने हसत सुटले. मावशीला वाटलं मला वेड लागलं.

समितीच्या दाराशी ती मुलगी बसलेली, शेजारी तिची आई. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. किती लहान दिसत होती! मावशी तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. "ब्लेझर शिवणारी ती मी," म्हणाली. मुलीने वर पाहिलं. मी अंक तिच्या हातात दिला आणि चौकट दाखवली.

मुलगी आत गेल्यावर सरांनी पहिला वार आमच्यावरच केला. ह्या दोघींनाही आत बोलवा म्हणाले, जाब विचारायचाय. म्हणून मी आणि मावशी तिथे होतो. सर उभे राहून बोलत होते. फोटो बनावट. संगणकावर काय वाटेल ते करता येतं. ह्या दोघी मावशी-भाची, कट सरळ आहे.

मुलगी उठली. अंक अध्यक्षबाईंच्या पुढे ठेवला. "हे आजच्या अंकात आलंय," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण शब्द एकूण एक स्पष्ट. निवेदन करणारीच ती. "संपादकांच्या सहीने आहे. मी वाचते."

आणि तिने वाचलं: "दिलगिरी. कालच्या अंकात पहिल्या पानावर व्हॉलीबॉल संघाचे छायाचित्र, सत्काराच्या संध्याकाळी आमच्या छायाचित्रकाराने टिपले होते तसेच, न कापता छापले गेले. ह्याच छायाचित्रातील अनावश्यक भाग पूर्वी आम्ही काळजीपूर्वक वगळला होता. झालेल्या चुकीबद्दल संघाची मनःपूर्वक क्षमा मागतो."

तीन आठवडे ह्या पोरीची एका ओळीने क्षमा न मागणाऱ्या आमच्या साहेबांनी संघाची क्षमा मागितली होती, आणि मागताना फोटो खरा असल्याचं स्वतःच्या सहीने लिहून दिलं होतं. कापलेला फोटो म्हणजेच खरा फोटो, हे त्यांच्या अंगात इतकं भिनलेलं की आपण काय लिहिलं हे त्यांना कळलंही नाही.

अध्यक्षबाईंनी ती चौकट स्वतः वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मालमत्तेचा विषय आता त्यांनी काढला नाही. कालपासून त्यांचाही फोन वाजत असणार. कपाटातून ब्लेझर आणवला आणि मावशीपुढे ठेवला.

"उसवा," म्हणाल्या.

मावशीने पिशवीतून आपली लहान कात्री काढली. आधी कुशीची शिवण उघडली. आतली माया उलटी करून दाखवली, झिजलेली, विरळ. अध्यक्षबाईंनी धागे जिथून गेले त्या जागा मोजल्या. अडतीस. मग मावशीने खिशाखाली बोट फिरवलं, डोळे मिटून. थांबली. मुलीला म्हणाली, "बाळा, इकडे ये. तू फाडलं होतंस. मी झाकलं. मला ठाऊक नव्हतं गं, पण झाकलं मीच. आता बघ."

समोर व्यायामशाळेत अंतिम सामना सुरू होता. कप्तान खेळत होता. त्याला कुणी थांबवलं नव्हतं. खिडकीतून आरोळ्या येत होत्या, त्याच्या नावाच्या. मावशीने मान वर केली नाही. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम ती एकेक धागा ओढून मोडत होती, आणि मुलगी तिच्या खांद्याला लागून उभी राहून बघत होती. बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला. मावशीने शेवटचा धागा ओढला आणि खिसा खाली लोंबला, फोटोत होता तसाच.